अंबूआक्काच्या पंगतीतला बाळासो

"आधी जेव, मग कुणाचा त्ये सांग."

अंबूआक्का हे वाक्य इतक्या वेळा म्हणायची, की कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात शिरणाऱ्या माणसाला वाटावं, खानावळीच्या पाटीवरच ते लिहिलं असेल. पाटी मात्र कधीच नव्हती. आमटीच्या फोडणीचा वास बोळाच्या तोंडापर्यंत जातो, ज्याला भूक आहे त्याला तो कळतो, आणि ज्याला भूकच नाही त्यानं आत येऊन करायचं काय, असा तिचा सवाल असायचा.

बाई मूळची गडमुडशिंगीची. नवरा कापडगिरणीत होता, तो लवकर गेला. तिनं रडून घेतलं आणि चूल मोठी केली. उंच, काटक, आणि आवाज असा, की तिनं बोळातून हाक मारली तर रस्त्यावरचा टांगेवाला घोडा थांबवायचा. चिडणं हा तिचा श्वास होता. ओल्या लाकडावर चिडायची, उशिरा येणाऱ्यावर चिडायची, लवकर येऊन भाकरीची वाट बघत बसणाऱ्यावर जास्त चिडायची. पण वाढताना तिचा हात कधी चिडला नाही. तोंड एकीकडं आणि हात एकीकडं. तिच्या पंगतीला जेवलेल्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तिचं बोलणं आम्ही खर्ड्यासारखं भाकरीबरोबर लावून खायचो.

तिची धाकटी बहीण बनाबाई घाटाखाली, कारवारच्या बाजूला होती. बनाबाईचा नवरा जंगलात लाकडाच्या कामाला म्हणून गेला आणि नदीकाठी भाताचा तुकडा करून तिथंच रुजला. मग त्या बाजूला, कैग्याला, अणुवीज केंद्र व्हायचं ठरलं आणि माणसं उठवायची भाषा सुरू झाली. बनाबाई आपली थोरली पोरगी हौसा हिला घेऊन कोल्हापूरला आली, चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "आक्का, जमीन ऱ्हाती का जाती म्हायत न्हाय. ही पोरगी तेवढी तू हिकडं चांगल्या घरात दी. मग मी तिकडं भांडाय मोकळी."

"पोरगी म्हंजे काय लोणच्याची बरणी हाय व्हय, फळीवर ठिव म्हणायला?" अंबूआक्का चिडली. पण त्याच संध्याकाळी आपल्या अंथरुणाशेजारी तिनं दुसरं अंथरूण टाकलं. शब्द दिला तो दिला. तेव्हापासून भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, बाजारातून कांदा आणताना त्या बाईच्या मनात एकच गोष्ट होती. हौसाला चांगलं घर.

खानावळीत एक प्रोफेसर जेवायचे. विज्ञान शिकवायचे, एकटेच राहायचे. बनाबाईची हकीकत कळली तेव्हा भाकरीचा तुकडा हातात धरून ते बोलत राहिले आणि आमटी गार झाली. रशियात तसलंच एक केंद्र फुटून फार दिवस झाले नव्हते. डोळ्यांना न दिसणारं विष गवतात उतरतं, गवतातून दुधात उतरतं, असं त्यांनी सांगितलं. अंबूआक्कानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग आता करायचं काय?"

"समिती," प्रोफेसर म्हणाले.

तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. आमच्या माणसांना समिती द्या, ती आधी समितीच्या नावावरून भांडतील. विरोधी म्हणायचं, का निवारण म्हणायचं, का जागृती? रविवारी दुपारची जेवणं उरकली की तिच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, सभा भरायची. निम्मी माणसं उशिरा यायची आणि आल्यावर आधी काय झालं ते पुन्हा सांगा म्हणायची. जी वेळेवर आलेली असायची ती तोवर भिंतीला टेकून डुलक्या काढायची. अंबूआक्का भांडी आदळत बाहेर यायची.

"अवो प्रोफेसर, माझी भईण रानातनं उठायच्या आधी तुमचं नाव ठिवून हुईल का? पोराचं बारसंसुदीक बाराव्या दिवशी उरकतंय!"

या सगळ्यात तिला दोनच माणसं कामाची वाटायची. एक गौस पेंटर. पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारं त्याचं घराणं, समितीचे फलक तो फुकट रंगवून द्यायचा. त्याचीही तक्रार असायचीच. "आक्का, ह्येंनी एकेका फलकावर निबंध दिलाय. माझा ब्रश झिजला, पर वाक्य काय सपंना."

दुसरा बाळासो.

तो आला तेव्हा पंगत अर्धी झाली होती. दारात उभा राहिला तर दार भरलं. तालमीत घोटलेलं अंग, आणि डावा कान कुस्तीत चेंबटून सुजलेला, भजीसारखा. "या पावणं, बसा," अंबूआक्का म्हणाली, "आधी जेव, मग कुणाचा त्ये सांग." तो जेवला. ताटात शितही ठेवलं नाही. उठला, ताट स्वतः घासलं आणि फळीवर पालथं घातलं. मग म्हणाला, "कोडोलीचा हाय आक्का. गुंडू खोताचा बाळासो. कामधंदा बघाय आलोय."

ताट घासून पालथं घालणारा पुरुष अंबूआक्कानं जन्मात पाहिला नव्हता.

बघता बघता समिती त्याच्याशिवाय हलेना. सभेच्या आधी येऊन तो सोपा झाडायचा, जाजम टाकायचा, पत्रकं चिकटवायला खळ शिजवायचा. कोण कुठं राहतं, कुणाच्या घरी निरोप द्यायचा, मोर्चा कुठून निघणार आणि कुठं वळणार, सगळं त्याच्या तोंडपाठ. प्रोफेसर म्हणायचे, असे कार्यकर्ते हवेत. अंबूआक्का म्हणायची, "येवढ्यात ह्योच एक मानूस हाय. बाकी नुसती तोंडं."

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. समिती जिथं जाईल तिथं पोलीस आधी हजर. बिंदू चौकात फलक घेऊन आमची मंडळी पोचायची, तर फौजदार पानाच्या दुकानापाशी उभा असायचा आणि म्हणायचा, "आज उशीर केलासा?" मार्ग बदलला तर बदललेल्या मार्गावर उभा. एकदा तर आम्हीच रस्ता चुकलो आणि हवालदारानं बरोबर वाट दाखवली. पुढाऱ्यांची गाडी अडवून निवेदन द्यायचा बेत केला, तर ती गाडी दुसऱ्याच रस्त्यानं निघून गेली.

आमच्यातला कुणीतरी फुटलाय, अशी कुजबूज सुरू झाली. आणि इथं मला आमच्याच माणसांची चीड येते. फलकावर काय आहे आणि तो कुठं न्यायचा आहे हे आधी कुणाला कळतं? रंगवणाऱ्याला. म्हणजे गौसला. तोंडावर कुणी बोललं नाही. त्याच्याकडं फलक देणं तेवढं बंद केलं आणि तो सोप्यात आला की विषय बदलायला लागले.

गौसला कळायला वेळ लागला नाही. एका रविवारी तो जाजमावर बसलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, आमच्या आज्ज्यापास्नं ह्या पेठंत आम्ही पाट्या रंगवतोय. ह्येंच्या दारावरची नावं माझ्या हातची हाईत. आता माझ्याच नावाचा ह्येंस्नी संशय आला. येतो मी."

"गौस, थांब. जेवून तर जा."

"भूक न्हाई आक्का."

तिच्या खानावळीत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. ती बाहेर आली आणि सगळ्या सभेला अशी फैलावर घेतली, की प्रोफेसर चष्मा पुसत बसले. बाळासो जाजमाच्या सुरकुत्या काढत होता. त्यानं मान वर केली नाही. मोठी माणसं भांडत असताना पोरगं मधे बोलत नाही, केवढं वळण आहे, असं अंबूआक्काला वाटलं.

त्याच आठवड्यात तिनं मनाशी ठरवलं. हौसाला हा मुलगा.

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलाला विचारायचं नाही. मुलीलाही नाही. आधी गुपचूप मुलाच्या गावाला जायचं, काहीतरी निमित्त काढायचं, आणि घर कसं, माणसं कशी, पाणी कुठवर आहे ते काढून घ्यायचं. आपण कशाला आलोय हे कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून अंबूआक्कानं मुडशिंगीच्या आपल्या चुलतभावाला, पिराजीला, बरोबर घेतलं. म्हैस बघायला आलोय असं सांगायचं ठरलं. हौसाला तिनं सांगितलं, नात्यात पाचवीला जातेय.

कोडोलीची एसटी उसाच्या रानातून चालली होती. उसाला तुरे आले होते, गुऱ्हाळांचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि पन्हाळा त्या धुरावर अलगद तरंगत होता. अंबूआक्का पदर सावरून खिडकीशी बसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा चिडलेला नव्हता.

गावात उतरल्यावर पिराजीनं तिला पुन्हा चिडवलं. म्हैस हे निमित्त आहे हे तो वेशीतच विसरला. पहिल्या गोठ्यात शिरला आणि म्हशीचे दात बघायला लागला. दुसऱ्या गोठ्यात शेपूट मोजली. तिसऱ्या गोठ्यात तर खरोखरच सौदा घालायला बसला.

"अंबे, कासंला लई झाक हाय गं ही."

"पिऱ्या, तू हिला घेऊन मांडवात हुबा ऱ्हा आता," ती दात आवळून पुटपुटली आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

शेवटी एकाला विचारलं, गुंडू खोताच्या घरी म्हैस हाय का हो विकायची? त्यानं घर दाखवलं. गुंडू खोत हयात नव्हता. त्याची बायको धोंडुबाई गोठ्यात धार काढत होती. पिकलेले केस, स्वच्छ धुतलेलं लुगडं, अंगण सारवलेलं. अंबूआक्काला घर बघूनच पसंत पडलं. चहा झाला. पिराजी म्हशीभोवती फिरायला लागला. तेव्हा अंबूआक्कानं रीत मोडली.

"बाई, तुमच्याशी खोटं बोलवंना झालंय. आम्ही म्हशीसाठी न्हाई आलो. तुमच्या बाळासोसाठी आलोय."

धोंडुबाईनं हातातली चरवी खाली ठेवली.

"कोण बाळासो?"

"तुमचाच की. कोल्हापुरात असतोय. माझ्या खानावळीत जेवतोय. गुणाचं पोरगं हाय."

म्हशीनं मान हलवली, गळ्यातलं लोढणं वाजलं. मग ती म्हातारी अगदी हळू म्हणाली, "जेवतोय? पोटभर जेवतोय का?"

"व्हय की. दोन भाकरीला मागं सरत न्हाई."

धोंडुबाईनं पदर डोळ्याला लावला. "बाई, माझा बाळासो चौथीत असताना इहिरीत गेला. येकुलता येक हुता. तुम्ही कुणाचं बोलताय?"

अंबूआक्का तिथंच, शेणकुटाच्या पाटीशेजारी खाली बसली. तिनं तो मुलगा वर्णन करून सांगितला. उंची सांगितली, बोलणं सांगितलं, शेवटी कान सांगितला. कान ऐकल्यावर धोंडुबाई म्हणाली, "ह्यो कृष्णात. पल्याडच्या वाडीच्या जोतीरामाचा. माझ्या बाळूसंगं शाळंत हुता. लई डाव हितं जेवलाय. पोलिसात लागला तवा पेढं घिऊन आलता."

पोलिसात. बिंदू चौकातला फौजदार, दुसऱ्या रस्त्यानं गेलेली गाडी, जाजमाच्या सुरकुत्या, सगळं अंबूआक्कापुढं येऊन उभं राहिलं.

निघताना धोंडुबाई दारापर्यंत आली. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही त्येला हाक मारता? बाळासो म्हणून?"

"रोज मारते."

"बरं," म्हातारी म्हणाली. "हितं आता कोण मारत न्हाई."

परतीच्या गाडीत पिराजी काहीतरी बोलत होता. अंबूआक्का खिडकीबाहेर बघत होती. चिडावं तरी कुणावर? चोरासाठी परक्या दारात जाऊन सोयरीक मागून आले म्हणून स्वतःवर? ती पोरगी तिकडून विश्वासानं धाडलेली, आणि तो ताट घासतोय एवढ्यावर आपण माणूस पारखला!

दुसऱ्या दिवशी रविवार. पंगत बसली. समितीची सगळी मंडळी होती, कारण कारवारला मोठा मेळावा व्हायचा होता आणि कोण जाणार यावर पुन्हा भांडायचं होतं. बाळासो नेहमीच्या जागी बसला. ताट पुढं आलं, पण ताटात भाकरी आली नाही. अंबूआक्का भाकरीची बुट्टी कमरेवर घेऊन त्याच्यापुढं उभी होती.

"आज उलटं," ती म्हणाली. "आधी कुणाचा त्ये सांग, मग जेव."

पंगत हसली. तोही हसला. "आक्का, कितींदा सांगायचं? गुंडू खोताचा."

"कोडोलीला गेलते मी. तुझी सोयरीक बघाय. धोंडुबाईनं इचारलंय, पोटभर जेवतोय का म्हणून."

त्याचं हसणं जागच्या जागी थिजलं. तो सुजलेला कान लालभडक झाला.

"म्हातारीला पेढं कशाचं दिलतास, त्ये सांग ह्येंस्नी."

"पोलिसात लागलो त्येचं," तो ताटाकडं बघून म्हणाला.

पंगतीत कुणाचा घास उचलला गेला नाही. प्रोफेसर उभे राहिले. "म्हणजे ही राज्ययंत्रणा लोकांच्या चळवळीत—"

"प्रोफेसर, तुम्ही खाली बसा. तुमची पाळी फुडं हाय."

प्रोफेसर बसले.

"आक्का," तो म्हणाला, "सायबांनी इचारलं, नाव काय सांगणार. माझ्या तोंडात त्येच आलं. वाटलं, गेलेलं पोरगं हाय, त्येच्या नावानं कुणाचं काय नुकसान हुणार?"

"आणि गौस? त्यो तर जित्ता हाय न्हवं? त्येच्यावर ढकललं तवा तू जाजम सरळ करीत बसलास. लेका, तुझं काम तू केलंस म्हण, नोकरी हाय. खरं माझ्या सोप्यात, माझी भाकरी खाऊन, एका भल्या माणसाला तसाच उपाशी जाऊ दिलास!"

तिनं बुट्टी दुसऱ्या कमरेवर घेतली.

"सांग आता. कुणाचा?"

"वाडीच्या जोतीरामाचा," तो म्हणाला. "कृष्णात."

"हां. आता जेव." आणि तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली, आमटी ओतली, खर्डा वाढला. नेहमीपेक्षा कमी नाही आणि जास्त नाही. तो खाली मान घालून जेवला. तिनं वाढलेलं टाकून उठायची त्याची छाती झाली नाही. जेवून त्यानं ताट घासलं. फळीपर्यंत गेला, पण ते पालथं घालायला त्याचा हात होईना. हौसानं ताट त्याच्या हातातून काढून घेतलं. तो गेला.

मग हौसा बोलली. इतके दिवस भाकऱ्या थापणारी ती पोरगी आम्हाला मुकीच वाटली होती. "मावशी, तू म्हस बघाय गेलतीस का मला इकाय? त्यो पोलीस हाय का चोर हाय ह्ये म्हागनं. मला इचारलंस का एकदा तरी? आई तिकडं एकटी भांडतीया आणि मी हितं ह्येंच्या भाकऱ्या भाजतीया. मला न्हाय कुठं द्यायचं. मला आईकडं जायचंय."

अंबूआक्का चुलीपाशी गेली आणि विझलेल्या लाकडावर फुंकर घालत बसली. मग तिथूनच ओरडली, "प्रोफेसर, हुटा आता! गौसकडं जायाचं. सगळ्यांनी!"

मंडळी गौसच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिली. प्रोफेसरांनी माफी मागितली, तीही लांबलचक. गौस एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. तो वर न बघता म्हणाला, "पाटी रंगवायची आसंल तर बोला. गिऱ्हाईक म्हणून या."

अंबूआक्कानं बरोबर आणलेला डबा त्याच्या स्टुलावर ठेवला. "माझी एक रंगवायची हाय. कारवारला न्यायची."

"काय लिवू?"

प्रोफेसर पुढं सरसावले. तिनं त्यांना हातानंच थोपवलं. "आधी आम्हाला इचारा. येवढंच लिव."

गौस पहिल्यांदा हसला. "आक्का, सभंला मी आता येणार न्हाई. पर फलक देतो. तुला. ह्येंस्नी न्हाई." आणि डबा उघडून तो जेवायला बसला.

खानावळीला कुलूप लागलेलं आम्ही पहिल्यांदा त्या सकाळी पाहिलं. नवरा गेला तेव्हाही चूल दिवसभर बंद नव्हती. समितीतली जाणारी माणसं स्टँडवर भेटायची होती आणि अर्थातच निम्मी आलेली नव्हती. प्रोफेसर मफलर घरी विसरले म्हणून परत गेले होते. हौसा पुढं जाऊन गाडीत जागा धरून बसली होती. अंबूआक्का काखेत फलकाची गुंडाळी धरून फलाटावर उभी होती आणि सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

कारवारच्या गाडीकडं जायच्या वाटेवर पोलीस होतेच. त्यांच्यात कृष्णात होता. अंगावर खाकी, हातात काठी, डोक्यावरच्या टोपीखालून तो कान बाहेर आलेला. तिला बघितल्यावर तो सावध उभा राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

"पावणं, सरका जरा," अंबूआक्का म्हणाली. "वाटंत हुबं हाईसा तुम्ही."

तो सरकला. ती त्याच्या पुढून गेली, मान वळवली नाही, की पाऊल उचललं नाही भरभर. आपल्या नेहमीच्या चालीनं, पदर खोचून, गर्दीला "हो बाजूला, हो बाजूला" म्हणत ती कारवारच्या गाडीकडं चालत राहिली. स्टँडच्या कडेला गौस सायकल धरून उभा होता, अंगठ्याला तांबडा रंग तसाच. तो तिच्याकडं बघत होता. आणि ज्याला तिच्यावर नजर ठेवायचा पगार मिळायचा, तो कृष्णातही बघत होता, टोपी हातात घेऊन.